एक्सेंट्रिक गुरुजी

लक्ष्मणराव : तपासणीचा बाकी कागद मराठीत हाये, गुरुजी. एकच शब्द इंग्रजी. अन् गावात इंग्रजी तुमालेच येते.

वासुदेवराव : द्या, सरपंच. "शिक्षकाचे वर्तन एक्सेंट्रिक आढळले." कोणता शिक्षक?

लक्ष्मणराव : तुमीच. दुसरा हाये कोन?

वासुदेवराव : बरं. हे विशेषण आहे.

रंभाबाई : म्हंजे शिवी?

वासुदेवराव : नाही, रंभाबाई. चारचौघांपेक्षा निराळं वागणाऱ्याला म्हणतात. समजा, एखादा म्हशीवर छत्री धरतो. तो एक्सेंट्रिक.

रंभाबाई : तुमी तं म्हशीवर फळा बांधता.

वासुदेवराव : तेही उदाहरण चालेल.

लक्ष्मणराव : साहेब तपासाले आले, तवा शाळेले कुलूप काहून होतं?

वासुदेवराव : धानाचा रोवणा चालू होता. सगळी पोरं रंभाबाईंच्या बांधीत रोपं लावत होती. रिकाम्या खोलीला काय शिकवू?

रंभाबाई : साहेबानं बांधीच्या धुऱ्यावरून हाक मारली. गुरुजी चिखलातून म्हनाले, आधी रांगेत या.

लक्ष्मणराव : आले?

रंभाबाई : आले ना. सतराचा पाढा अर्धा म्हनला, मंग बूट फसला.

लक्ष्मणराव : कागदात पुढं काय हाये, आयका. सुधारणा झाली का, ते सरपंचानं कळवावं. झाली तं गुरुजीले मोहाडीच्या शाळेत घेऊ. नाही तं हाये तिथंच ठेवू.

रंभाबाई : मोहाडीले लाईट हाये. जाता का, गुरुजी?

वासुदेवराव : घरची मंडळी तीन वर्षं मोहाडी-मोहाडी करते आहे.

लक्ष्मणराव : अन् तुमी?

वासुदेवराव : भागाकार अर्धा राहिलाय. अन् रंभाबाईंची तुळसा परवा पहिल्यांदा वर्गात बोलली. वर्गात म्हणजे, चिखलात.

रंभाबाई : आता घरी चूप बसत नाही ते.

लक्ष्मणराव : याच्या आधीचे गुरुजी चारचौघांसारखे होते. सोमवारी दुपारी येत, गुरुवारी एस.टी. धरत. पोट्टे निस्ते गोट्या खेळत.

वासुदेवराव : मला ठेवायचं म्हणून खोटं कळवू नका, सरपंच. मी लिहिणार नाही.

लक्ष्मणराव : काल शाळा कुठं भरली होती?

वासुदेवराव : जागेश्वरच्या बैलगाडीत.

लक्ष्मणराव : उभ्या?

वासुदेवराव : चालत्या.

लक्ष्मणराव : मंग खोटं कायले लागते? घ्या टाक. लिहा, सुधारणा नाही.

वासुदेवराव : ...लिहिलं.

रंभाबाई : पुढं होईल असंबी दिसत नाही, हे टाका.