येडबाच्या पोरीचं कौतुक

...आन् वरून मलाच म्हणतेत, किशनराव, तुमी बोलून बसलात. साल दोन हजार पंचवीस, होळीच्या आधीचा आठवडा, हरभरा घरात आलेला, वावर मोकळं, आन् मी बोरी गावात माझ्या ओट्यावर गप बसलेलो. बोललो ते मोबाईलात. मोबाईलात बोललेलं काय बोलणं असतंय का?

तुमाला सांगतो, झालं काय. आमचा येडबा, मेंढरंवाला. दरसाल हरभरा निघाला की त्याची मेंढरं माझ्या वावरात बसायला येतेत, लेंड्यांचं असं खत पडतंय की दुकानातल्या पोत्याला ते जमत न्हाई. मेंढरं बसली की पहिल्या सांजेची भाकरी आमच्या घरून जाती, मी स्वतः नेतो. येडबा घोंगडी अंथरतो, म्हणतो, "बसा मालक." मी म्हणतो, "घाई हाय." उभ्या उभ्या भाकरी देतो, माघारी येतो. बापाच्या वेळेपासून असंच.

त्या येडबाची पोरगी साधना परभणीला शिकून जनावरांची डॉक्टर झाली. गावाच्या ग्रुपवर फोटो आला. मला टाईप करता येत न्हाई, शाळा लवकर सुटली, म्हणून बटन दाबून बोललो, रानातल्या गड्याला हाक मारतो तसं मोठ्यानं: "येडबाच्या पोरीचं कौतुक हाय. मेंढरामागं फिरणाऱ्याची असून बी डॉक्टर झाली. त्या लोकांच्या मानानं लय झालं."

कौतुकच केलं होतं मी.

तर पोरीचं उत्तर आलं. सून भक्तीनं वाचून दाखवलं: "किशनकाका, तुमच्या बोलण्यानं आमचा अपमान झाला." अपमान? मी? अहो, मला अपमान करायचा असता तर करता येत न्हाई का? भावकीला विचारा. आजवर केलेला एक बी वाया गेला न्हाई.

मग काय, ग्रुप पेटला. एक म्हणतोय, "काकांना तसं म्हणायचं नव्हतं," आरं, मला काय म्हणायचं होतं ते माझं मला ठाव न्हाई, तुला कोण सांगितलं, दुसरा म्हणतोय, "वयाचा तरी मान ठेवा," म्हणजे मी म्हातारा, हे गावभर, आन् व्यंकटराव, माझा बांधाशेजारी, त्यानं अंगठा टाकला, मग आणखी एक अंगठा, मग गोड आवाजात बोलला बी, "किशनराव, तुमी मनावर घेऊ नका, आजकाल लोकांना कौतुक पचंना." मला लय बरं वाटलं. आमची बायनाबाई चुलीपुढून म्हणली, "चुकलं म्हणा आन् मोकळं व्हा." म्हणलं, "काय चुकलं? कौतुकच केलं होतं मी. भक्ती, काढ मला ह्या ग्रुपातून." काढलं.

पुढं एके सकाळी घंट्या वाजल्या. येडबाची मेंढरं. मी बांधावर जाऊन उभा. मेंढरं आली, माझ्या वावराजवळ आली... पुढं गेली... आन् बसली कुठं? व्यंकटरावाच्या वावरात. म्हणजे अंगठे मला, लेंड्या त्याला.

सांजंला बायनाबाईनं भाकऱ्या बांधून हातात दिल्या. म्हणलं, "मेंढरं दुसऱ्याच्या वावरात हायेत." म्हणती, "माणूस तोच हाय ना?" गेलो. साधना सुट्टीवर आलेली, कोकराच्या पायाला औषध लावायली. येडबानं घोंगडी अंथरली. इतकं होऊन बी अंथरली. "बसा मालक."

बसलो.

म्हणलं, "पोरी, कौतुकच केलं होतं मी."

"केलं की काका. पण उभ्या उभ्या केलं. माझ्या बाला भाकरी देता तसं."

तिची आई, कासाबाई, म्हणली, "मेंढरामागं फिरली म्हणूनच तर डॉक्टर झाली वो. मेंढी विताना कोकरू आडवं आलं की हात हिचाच."

म्हणलं, "मग चारचौघात कशाला सांगितलं?"

"माघारी तर सगळं गाव बोलतंय तुमच्याबद्दल. मी तोंडावर बोलले."

तुमाला सांगतो, तिथं माझा राग गेला. सत्तरी उलटली, अंगठे टाकणारे रग्गड भेटले, तोंडावर सांगणारी ही एकच. उपकार झाले पोरीचे. कासाबाईनं भाकरी-ठेचा पुढं केला. खाल्ला. चांगला होता. इतकी वर्षं उगा घाई केली.

आता माझ्याकडं तिचं कौतुक बाकी राहिलं. चारचौघात बोललेलं चारचौघातच फेडायला पायजे. पण मी तर ग्रुपाबाहेर. भक्ती म्हणती, "मामा, आत घ्यायला ॲडमिनला विचारावं लागतंय." "कोण हाय त्यो?" "साधनाताई."

घ्या. तरातरा ज्या दारातून निघालो, त्याची किल्ली तिच्याच कमरेला. विचारलं. पोरीनं लगेच घेतलं.

बटन दाबलं. हळू बोललो. "साधना डॉक्टर झाली. मेंढरामागं फिरली म्हणून झाली. मी आधी बोललो ते चुकलं. किशनराव."

पहिला अंगठा व्यंकटरावाचा. मेंढरं आजून त्याच्याच वावरात. असू द्या.

देणं फिटलं.