दोनशे चौदा पोरांचं एकच हस्ताक्षर

हॅलो? … हां, बोल आक्का, मल्लेशच बोलतोय. … शाळेतच की. हेडबाईंच्या खोलीतला फोन हाय, मधली सुट्टी झालीय. … ते व्हय? ते मिटलं. मी माफी मागितली, त्यांनी दिली, पाठीवर हात ठिवला, विषय संपला. … कशाची माफी? … मी माफी म्हणालो? न्हाय गं. काही झालंच न्हाय, तर माफी कोण कुणाला मागंल?

तू सांग, दाजी काय म्हणत्यात? … बरं. … आणि म्हैस? … तेपण बरं.

… खोकी? कुठली खोकी? … हां, बुटांची. अगं, बुटांची खोकी लई असत्यात जगात, मला वाटलं… व्हय, तीच. दिवाळीआधी आमच्या शाळेतल्या पोरांनी साबण-कंगवा-वह्या घालून भरली आणि मी तुमच्या गावच्या शाळेत आणून वाटली, ती. चांगलं काम झालं की. तुम्ही फेटा बांधलासा मला. … शाळा समितीच्या अण्णासोंनी बांधला, माहीत हाय. स्वतःच्या हातानं. … हाय अजून फेटा. कपाटात हाय. कपाट उघडायचं टाळतोय, एवढंच.

… कार्ड? कसलं कार्ड? … पिवळं. अण्णासोंच्या नातीचं. … बरं.

अगं ऐक ना. तुला दुसऱ्याच एका माणसाची गोष्ट सांगतो. आमच्या शाळेत एक सर हायत. … नाव कशाला पायजे, घराणं चांगलं हाय, आई रोज लिंगपूजा करती. तर हे सर चित्रकलेचे. शिक्षणसेवक. तीन वर्षांतली पावणेतीन सरली, आणखी तीन महिने मान खाली घालून काढले की परमनंट. … माझ्यासारखंच, व्हय. योगायोग असतो. तर शाळेत एक संस्था आली. बाहेरगावची, टाय घातलेली. म्हणाली, गरीब पोरांसाठी भेटीची खोकी भरा. हेडबाई लगेच हो म्हणाल्या, कारण पेपरात फोटो येणार होता. संस्थेनं नियमांचा कागद दिला. पातळ पदार्थ नको, खेळण्यातली बंदूक नको, देवाधर्माची वस्तू नको. सरांना ते लई पटलं. इतकं पटलं की पाचवीतल्या रक्षिताच्या खोक्यातनं, तिच्या आज्जीनं ठेवलेला करंगळीएवढा गणपती सरांनी बाहेर काढला. वर दहा मिनिटं भाषण दिलं, मदतीत धर्म आणायचा नसतो, बाळ. पोरगी रडली. … अजून माझ्याच ड्रॉवरात हाय तो गणपती. … सरांच्या ड्रॉवरात.

पुढं काय, खोकी संस्थेकडं गेली. त्यांनी प्रत्येक खोक्याच्या तळाला, साबणाखाली, देवाचं पुस्तक घालून दिलं. त्यांच्या देवाचं. … न्हाय, पुस्तक वाईट नव्हतं. चित्रं तर सरांपेक्षा चांगली होती. गोष्टपण चांगली हाय, दया करा म्हणत्यात. पण समोर धरून द्यावं, पोराच्या आईबापाला विचारावं घ्यायचं का म्हणून. साबणाखाली ठिवायचं काय कारण?

… थांब की, कार्डाकडंच येतोय. वाटपाच्या दिवशी संस्थेच्या माणसानं कार्डांचा गठ्ठा दिला. नाव, वय, पत्ता, सगळ्या रिकाम्या रेघा. आता तूच सांग, मास्तराला रिकामी रेघ दिसली तर तो काय करंल? जनगणना आम्ही करतो. पोलिओ आम्ही पाजतो. मतदारयाद्या आमच्याच. आम्ही रेघ भरतो, आक्का. वरचा मजकूर वाचायचं आमच्या नेमणूकपत्रात न्हाय. सरांना वाटलं, खोकं मिळाल्याची पोच हाय. त्यात सरांचं अक्षर म्हणजे शाळेची शान. पोरं वेडंवाकडं लिहितील, कार्डं खराब हुतील, म्हणून सरांनी ओसरीत बाक टाकला आणि दोनशे चौदाच्या दोनशे चौदा स्वतः भरली. सुवाच्य. अर्धं कार्ड संस्थेला, अर्धं पोराला. पोरं रांगेत उभी, खोकी छातीशी धरलेली. उघडायची न्हाईत अजून, आधी नाव सांगायचं.

… वरचा मजकूर? … तू वाचलायस की, मग मला कशाला म्हणायला लावतीस? … बरं. 'मी आज माझ्या स्वतःच्या मनाने हा नवा मार्ग स्वीकारत आहे.' … व्हय. दोनशे चौदा पोरांनी, एका दुपारी, एकाच हस्ताक्षरात, स्वतःच्या मनानं.

… हसवत न्हाय तुला. … आमचे शिपाई याकोबदादा दर रविवारी चर्चला जात्यात. ते म्हणाले, सर, आमच्यात बाप्तिस्मा द्यायचा तर आधी वर्षभर शिकिवत्यात, घाई करू नको म्हणत्यात. तुम्ही डबा खायच्या सुट्टीत दोनशे चौदा उरकलीसा. एवढं बोलले आणि त्यांनाच माझी लाज वाटली, तोंड फिरवून घंटा पुसत बसले. … माझी न्हाय. सरांची म्हणायचं होतं.

… कशावरनं मी? … त्या पिवळ्या कार्डावर 'प्रीती'च्या वेलांटीला मोराची शेपूट काढलीय? काढत असतील की कुणीपण. … तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवर पण तशीच शेपूट हाय? … दोन्ही शेजारी धरलीयस? … बरं.

… व्हय. मीच.

… आईला काय सांगायचं, आईला आधीच कळलंय. नमुना म्हणून पहिलं कार्ड मी माझंच भरलं होतं. तेपण गठ्ठ्यात गेलं. परवा घरी पत्र आलं, 'प्रिय बालमित्र मल्लेश, वय वर्षे सत्तावीस, तुझ्या निर्णयाने आम्हांस आनंद झाला.' आईनं वाचलं. गळ्यातलं लिंग चाचपलं, ताट मांडलं, आणि म्हणाली, जेवतोस, का तेपण सोडलंस.

… तसलंच पत्र प्रीतीला आलंय? … अगं, वय वर्षे नऊ तिचं. … कुणी वाचून दाखवलं? … अण्णासोंनी. स्वतः. नातीला.

… कुठं हायत ते? … तुझ्या सोप्यात? … आत्ता? … आक्का, तू मला आधी सांगायचं न्हाईस? … देऊ नको फोन. अगं ऐक ना, सोमवारी येतो मी. सर वर्गावर गेले म्हणून सांग. आक्का, घंटा झाली. आक्का…

जयभीम, अण्णा.

… हो, मल्लेश. … विद्याश्रीचा भाऊ, हो. … बसलेलो नाही, उभा आहे. … तुम्हाला दिसत नाही ते खरं, पण उभा आहे.

… हो. … शाळा समितीत तुम्ही होता, म्हणून तर परवानगी मिळाली. 'विद्याश्रीचा भाऊ हाय, डोळं झाकून घ्या' असं तुम्ही भर बैठकीत म्हणालात. … आता गाव तुम्हाला विचारतंय. … नाही, मला कोण विचारणार. मी फेटा बांधून एस्टीनं निघून आलो.

… तुमच्या वडलांनी. … हो, छप्पन साली दीक्षा घेतली. … सगळ्यांसमोर, उघड्यावर. … दोन वर्षं गावानं काम दिलं नाही. … तरी मागं फिरले नाहीत. … नाही अण्णा, त्यांना कुणी साबण दिला नव्हता. … कंगवापण नव्हता. … त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणी ठरवलं नव्हतं. … हो. अंगठा त्यांचाच होता.

… याकोबदादा, चहा राहू दे तिथंच. … नाही, तुमच्याशी नाही बोललो अण्णा. चहा आला होता.

… ऐकतोय. … धर्म बदलण्याचा राग नाही. … ज्यांच्या घरानं विचार करून बदललाय, त्यांना बदलण्याचा राग कसा येईल. … न विचारता नाव घेतलं, त्याचा. … हो. एवढं साधं मला सुचलं नव्हतं, अण्णा. मी अक्षर बघत होतो.

… प्रीती काय म्हणते? … साबण उघडलाच नाही? … का? … ते परत न्यायला येतील म्हणून. … दप्तरात घालून रोज शाळेत नेते?

… मी माफी मागतो. … बरं. फोनवरची माफी तुम्ही घेत नाही. … सोमवारी. प्रार्थनेनंतर. … पोरांकडं तोंड करून, हो. … काय बोलू? … 'मी न वाचता तुमची नावं लिहिली.' … एवढंच? … पुढं गंमत जोडायची नाही. … नाही जोडणार. … फेटा परत आणू का? … बांधून यायचं? अण्णा, अहो, फेटा बांधून मी कसा… … हो. ज्या डोक्यावर बांधलात, त्याच डोक्यानं सांगायचं. … येतो. बांधून येतो.

… अर्ज? संस्थेला? … पत्ता नाही अण्णा, नुसता टपालपेटीचा नंबर आहे. फोन लावला तर एक बाई इंग्रजीत आभार मानते आणि ठेवते. … तरी लिहायचा. … माझ्याच अक्षरात. … हो, नावं त्याच अक्षरानं गेली. … शाळेच्या कागदावर नाही जमणार. शाळेचं नाव कुठं आलं तर माझंही नाव मस्टरवर राहणार नाही, असं हेडबाईंनी बजावलंय. … माझ्या एकट्याच्या नावानं पाठवला, तर तीन महिने लांब राहिले, तीन दिवससुद्धा… … काय म्हणालात? … हो. प्रीतीचंही नावच गेलंय. तिनं कुठं तीन महिने मागितले.

… याकोबदादा, एक कागद द्या. … तो नको, त्यावर शाळेचा शिक्का आहे. कोरा.

… फोन धरून ठेवा अण्णा. मोठ्यानं वाचत लिहितो, चुकलं तर सांगा. … वेलांटी साधी काढतोय, हो.

… हेडबाई आल्यात. दारात उभ्या आहेत. … नाही, ठेवत नाही. ऐकू दे त्यांनाही.

'प्रति, माननीय व्यवस्थापक, भेट-खोका विभाग. विषय: चुकीने पाठविलेली दोनशे चौदा नावे परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून मी, मल्लेश शिवय्या हिरेमठ, वय वर्षे सत्तावीस, कळवितो की, सदर निर्णय मुलांनी घेतलेला नसून माझ्या उजव्या हाताने घेतलेला आहे. मुलांनी फक्त नाव विचारल्यावर नाव सांगितले.' … बरोबर आहे का? … लिहितो पुढं. 'तरी सदर नावे आपल्या यादीतून काढून ज्याची त्याला परत करण्यात यावीत. साबण परत मागण्यात येणार नाही, असे इयत्ता चौथीतील कुमारी प्रीती हिला लेखी कळविण्यात यावे. तसेच, खोके छातीशी धरून मुले रांगेत उभी होती, ती दुपार रद्द समजून पुन्हा एकदा देण्यात यावी, म्हणजे या वेळी मला वरचा मजकूर वाचता येईल, ही नम्र विनंती.'