वासाची तक्रार

धारवाडकडच्या एका विद्यापीठाबाहेर बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या: मेसच्या खरकट्याचं खत करणारी यल्लव्वा आणि मेसची स्वयंपाकीण शांतक्का.

“काय गं यल्लव्वा, आज ऑफिसातले साहेब तुझा खताचा खड्डा बंद करायला येणार होते ना?”

“आले की! वासाची तक्रार गेली होती. नाकाला रुमाल लावूनच आले.”

“अगं बाई! मग?”

“रुमालातूनच विचारलं, खड्डा कुठाय? म्हटलं, साहेब, त्याच्यावरच उभे आहात.”

“चल, काहीतरीच!”

“बसवण्णाची शपथ! शांतक्का, तुझ्या सांबारभातावर रोज सुका पाला पसरते मी, वास येईल कुठून? त्यांनी रुमाल काढला, मूठभर खत हुंगलं आणि हसलेच.”

“म्हणजे खड्डा राहिला?”

“राहिला काय, दुसरा खणायला सांगितलाय. त्यांच्याच ऑफिसच्या खिडकीखाली!”