डिस्प्रोशियम आणि अम्मीची वेढणी

नाही पण मला सांगा, सत्काराची शाल अंगावर असताना माणसानं तोंड कुठं लपवायचं? शालीत लपवावं तर फोटोवाला म्हणतो, 'सर, शाल जरा खाली घ्या...' तुम्हाला सांगतो, आमच्या कडेगावात तो फ्लेक्स अजून लागलेलाच आहे, 'जगाचं गणित खोटं पाडणारा कडेगावचा सुपुत्र वसीम', आणि सुपुत्र मागच्या बोळातनं घरी जातोय! स्वतःच्या घरी!

आता तुम्ही म्हणाल, केलंस तरी काय? काही नाही हो, न्यूट्रॉन मोजले. साताऱ्याला कॉलेजात आमच्या त्रिशला मॅडमच्या हाताखाली मी पीएचडी करतो आणि माझ्या वाट्याला एक धातू आलाय, डिस्प्रोशियम. दुर्मिळ कुळातला, आणि लय खादाड! न्यूट्रॉन समोर आला की गिळला. तो नेमके किती गिळतो, एवढंच मोजायचं होतं मला. पण न्यूट्रॉन काय डोळ्याला दिसतो होय? मग काय करायचं, पंगत मांडायची. डिस्प्रोशियमच्या शेजारी सोन्याचा पत्रा बसवायचा, कारण सोनं किती खातं हे अख्ख्या जगाला पक्कं ठाऊक आहे. सोन्यानं किती खाल्लं त्यावरनं वाढप किती झालं ते कळतं, आणि वाढप कळलं की शेजारच्याची भूक कळते. म्हणजे सगळी भिस्त सोन्यावर.

आणि सोनं म्हटलं की आमचं घर! आमचे अब्बा, चांदसाहेब गलाईवाले. तीस वर्षं सेलमला भट्टीपुढं बसून सोनं गाळलं या माणसानं. बंडीच्या खिशात कायम कसोटीचा काळा दगड, सोनं त्यावर घासायचं, उमटलेली रेघ बघायची आणि कॅरेट सांगायचं. तोंडात एकच प्रश्न, 'कसाला लावलंस का?' बारावीला मला ब्याण्णव टक्के पडले, पेढा तोंडात टाकला आणि विचारतात, 'कसाला लावलंस का?' मला समीना नावाच्या मुलीचं स्थळ आलं तेव्हाही तेच. म्हटलं, अब्बा, मुलगी आहे ती, दगडावर कशी घासू?

तर तो पत्रा. परदेशातनं आलेला, नखाएवढा, कागदाहून पातळ, मॅडमनी डबीत जपलेला. एका सकाळी मी तो चिमट्यानं उचलून वजनकाट्यावर ठेवतोय... आणि शिंक आली. आता शिंक काय विचारून येते? पत्रा उडाला! टेबलाखाली बघितलं, बुटात बघितलं, शर्टाची घडी उलगडून बघितली, आणि डोकं वर काढतोय तोवर लॅब झाडणाऱ्या बनुबाईंनी केर घंटागाडीत दिला होता. ज्या बापानं सोनारांच्या दुकानातला केर आणून त्यातनं सोनं काढलं, त्याच्या पोरानं सोनं केरात घातलं!

मग मॅडमना का सांगितलं नाही, असंच ना? अहो, मॅडम रागावल्या असत्या तर सांगितलं असतं. त्या रागावत नाहीत. त्या चष्मा काढतात, पुसतात आणि 'हं' म्हणतात. त्या 'हं'ला मी भ्यालो. शरम वाटली, खरं सांगतो, आणि शरमेपोटी माणूस जे करतो तेच केलं, गप्प बसलो.

रविवारी कडेगाव गाठलं. आमची अम्मी मेहरुनबी, तिच्याकडं एक वेढणी आहे, बोटात घालायचं वेढं, जाड, चोवीस कॅरेटची, अब्बांनी निकाहाला घातलेली, स्वतःच्या हातानं गाळलेल्या सोन्याची. बत्तीस वर्षं आमच्या घरात तिची थोरवी गायली जाते. म्हटलं, अम्मी, टोकाचा इवलासा तुकडा दे, प्रयोगाला पाहिजे. अम्मी जरा थबकली. म्हणाली, त्यापेक्षा माझ्या कानातलं घे की. म्हटलं, कानातलं नको, मला चोखच पाहिजे. तिनं माझ्याकडं बघितलं, मग अंगणात बसलेल्या अब्बांकडं बघितलं आणि गुपचूप वेढणी काढून दिली. मी काय समजलो? वेढणी मोडायला मन होईना तिचं! सोनाराकडनं तुकडा ठोकून पातळ करून घेतला, डबीत ठेवला. कसाला लावलंस का? नाही लावलं! गलाईवाल्याचा पोरगा मी, पण बापाचं सोनं कसाला लावतं का कोण?

आणि मग काय झालं माहितीय? डिस्प्रोशियमची भूक नऊ टक्के जास्त आली! जगातल्या समद्या पुस्तकांपेक्षा नऊ टक्के जास्त! पुन्हा मोजलं, नऊ. तिसऱ्यांदा मोजलं, नऊ. आलेखात सोन्याच्या डोंगराशेजारी एक बारकी टेकडी दिसायची, ती तिथं असायचं काही कारण नव्हतं. म्हटलं, असेल कायतरी... मॅडमनी मात्र विचारलं, "वसीम, सोन्याची शुद्धता खात्रीची आहे ना?" आणि मी, ह्या तोंडानं, 'हो मॅडम, डबीतलंच आहे' म्हणालो. डबीतलं होतंच की ते! खोटं कुठं बोललो? असं मीच मला तीन महिने सांगत होतो.

त्या तीन महिन्यांत लेख तयार झाला. सोमवारी तो छापायला जाणार, वर मॅडमचं नाव, पंचवीस वर्षांत ज्या नावावर कुणी बोट ठेवलं नाही ते नाव. आणि आदल्या रविवारी गावानं सत्कार ठेवला. मी नको म्हटलं, पण गाव ऐकतंय होय? मॅडम पाहुण्या म्हणून आल्या, लोकांना दाखवायला डबी घेऊन आल्या. 'हाच तो सोन्याचा पत्रा' म्हणाल्या आणि कौतुकानं अब्बांच्या हातात दिला. आता गलाईवाल्याच्या हातात सोनं दिल्यावर तो काय करेल? खिशात हात घातला, दगड काढला. मी म्हटलं, अब्बा, राहू द्या. घासला. बघितलं. अंगठा ओला करून पुन्हा बघितलं... आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा असा उतरला की मला वाटलं चक्कर आली. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, 'आईची वेढणी का रं?' मी मान हलवली. झालं. माइक घेतला. जन्मात कधी माइक धरला नव्हता त्यांनी.

"हे बावीसाचं हाय," म्हणाले. "बारात एक वाटा खोट. पोरानं चोख धरून मोजलंय, म्हणून गणित चुकलंय. आन हे सोनं मी गाळलंय. पैलीच भट्टी व्हती माजी. बायकूला सांगायचं धाडस झालं न्हाई."

 सत्कार समितीत कुजबुज सुरू, शाल परत घ्यायची का राहू द्यायची! मॅडमनी निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि पेन काढलं. सोपं होतं हो, पंगतीत बारा जण बसलेत समजून मी हिशेब केला, बसलेले अकराच. म्हणून वाढप कमी झालं असं मला वाटलं आणि शेजारचा उगाच खादाड ठरला. मॅडमनी उत्तर दाखवलं. जग मानतं तोच आकडा, तंतोतंत. आलेखातली ती बारकी टेकडी म्हणजे खोटीतलं तांबं. "माप उत्तम केलंयस तू," म्हणाल्या. मग चष्मा काढला. पुसला.

"हं."

"म्हणजे माझा पत्रा हरवला. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर, वसीम?" मी अब्बांकडं बघितलं, अब्बा माझ्याकडं बघत होते. एकाच मुशीतले आम्ही दोघं. त्यांनी एका बाईपासनं लपवलं, मी एका बाईपासनं लपवलं. त्यांनी निदान भर सभेत कबूल केलं, मी शाल सावरत बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

घरी आलो. जेवताना अब्बांची मान वर होईना. अम्मीनं भाकरी वाढली आणि दखनीत म्हणाली, पण तुम्हाला मराठीत सांगतो, म्हणाली, निकाहाच्या दिवशीच दातानं चावून बघितली होती, चोख सोनं इतकं कडक लागत नाही. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "घालताना लय खूश होते रे हे." आणि मग माझ्या ताटात रस्सा घालत, "म्हणून तर तुला कानातलं घे म्हणत होते. तेही बावीसच आहे, पण ते सगळ्यांना माहीत आहे."

एवढे महिने न्यूट्रॉन मोजूनही मला जे कळलं नाही ते तिला एका चाव्यात कळलं होतं! आता सगळं पहिल्यापासनं मोजायचं. मॅडमची अट एकच, प्रबंधात जे झालं ते जसंच्या तसं लिही, पत्रा हरवला तेही लिही आणि सोन्याची शुद्धता सगळ्यात आधी कुणी, कशानं तपासली तेही लिही. लिहितोय बापडा. 'तपासणी: मेहरुनबी, कडेगाव. उपकरण: दात.'