आखाड्यातली नंबर एकची माती

...नाही, पण मी म्हणतो, अंगठा तरी दाबून बघावा ना माणसानं! नुसता अंगठा! माती आखाड्याची, तिच्यावर पडणार माणूस, माणसाला असते कातडी, ती काय सोलून वाळत घालायची असते का? पण आमच्या दाजींना कोण सांगणार? दाजी म्हणजे सूर्यभान, माझ्या थोरल्या बहिणीचे, छबूअक्काचे मालक. तुम्हाला सांगतो, माझं शिलाईचं मशीन देवळासमोर, आखाडा बरोब्बर डोळ्यांपुढं, आणि माप द्यायला येणारा प्रत्येक माणूस हात वर करून उभा राहिला की पहिलं काय विचारतो? "काय टेलर, तुमच्या दाजींची नंबर एकची माती ती हीच का?" आता मी त्याची छाती मोजू का माझं तोंड लपवू?

हे सगळं आलं दुष्काळी कामावरनं. बहात्तरचा दुष्काळ मी काय सांगायचा, तुम्ही पण सुकडी खाल्लेलीच असणार. अख्खं गाव पाझर तलावाच्या बांधावर. बायका पाट्या वाहतायत, गडी खणतायत, आणि दाजींना थोडंफार लिहिता-वाचता येतं म्हणून ते झाले मुकादम. मुकादमाला मिळते शिट्टी. तुम्हाला सांगतो, ती शिट्टी गळ्यात पडली आणि माणूस गेला! घरी जेवायला बसले, भाकरी यायला उशीर झाला की, फुर्रर्र! अक्का चुलीपुढं दचकायची.

तर त्या कामावर आले एक ओव्हरसियरसाहेब, देगलूरकडचे. भला माणूस, पण मातीचं भारी वेड. खणलेल्या मातीची मूठ घ्यायची, दगड-खडा बाजूला काढायचा, थेंब थेंब पाणी घालून मळायची आणि तळहातावर वळी वळायची, बारीक, शेवईसारखी. वळी तुटली की, "ही रेताड, टाका तिकडं." नाही तुटली, बोटं सोडेनाशी झाली की, "ही निव्वळ चिकण, उन्हाळ्यात भेगा पडतील." काचेच्या बाटलीत माती-पाणी घालून खळाखळा हलवून ठेवायचे. खडा तळाला, त्यावर रेती, त्यावर गाळ, आणि वरचं पाणी निवळायचं नावच घेत नाही म्हणजे चिकण भरपूर. दाजी आपले साहेबांच्या मागं मागं, तोंड उघडं, शिट्टी लोंबकळतेय...

आणि एक दिवस टेकडीच्या पोटातनं ती तांबूस माती निघाली. साहेबांनी खडा चोळला, वळी वळली, बाटली हलवली आणि अंगातच आलं हो त्यांच्या! "सूर्यभान, इकडं ये! आमच्याकडं ग्रॅनाइट, तुमच्याकडं हा काळा कातळ, पण ऊनपावसानं कुजला की कुठलाही दगड शेवटी हेच करतो बघ. अर्धा कुजून चिकण होतो, अर्धा हट्टानं खडा राहतो. खडा मातीला हलू देत नाही, चिकण पाण्याला जाऊ देत नाही. पाणी मारा, रोलर फिरवा, दगड होईल दगड! ही नंबर एकची माती!"

झालं! 'नंबर एकची माती' हे शब्द दाजींच्या कानात गेले ते गेलेच. पुढचं-मागचं काही नाही. बांध नाही, पाणी नाही, रोलर नाही. नंबर एक, बस्स!

त्या दिवसापासनं दाजी दिसेल ती माती मळायचे. घरची, दारची, शेजाऱ्याच्या तुळशीतली! एकदा तर काठवटीतलं बाजरीचं पीठ घेतलं आणि लागले वळी वळायला. तुटली. म्हणतात, "छबे, ह्यात चिकन कमी हाय." अक्का काय गप्प बसते? "अवो, मी भाकर थापाया बसलीय का तुमचा बांध घालाया? ठिवा ते पीठ!"

आता ऐका, मेख इथं आहे. माझी भाची चांगुणा लग्नाची. तिला स्थळ आलं काष्टीचं. पुंजाराम पाटलांचा मुलगा, मच्छिंद्र. पैलवान! दारातनं आत यायचं तर तिरकं व्हावं लागतं असला गडी. पण स्वभावानं गाय. दुष्काळाचं साल, तरी माणसं म्हणाली, आम्हाला पोरगी पाहिजे, बाकी काही नको. असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी मिळेल का? आणि पुंजाराम पाटीलच म्हणाले, "चैतातल्या तुमच्या जत्रंला येतो. पोरगं कुस्ती करंल, तुमच्या गावाला जावई दिसंल. सांच्याला साखरपुडा उरकून टाकू." दाजींना हर्षवायू व्हायचा बाकी! लेकीचं नशीब उघडणार, तेही सगळ्या गावादेखत.

दरवर्षी आखाड्याची माती करायचा आमचा सहादेव वस्ताद. तो नदीच्या काठचा पोयटा आणणार, कपड्यानं चाळणार, तेल, हळद, ताक घालून उलथापालथ करणार, रोज. त्या मातीवर पोरगं पडलं तर उठायचा कंटाळा करील! पण या खेपेला वस्ताद म्हशी घेऊन चारा छावणीवर. गावात ताक प्यायला नाही, मातीत कुठलं ओतता? पंच डोकं धरून बसले. तेवढ्यात, फुर्रर्र! दाजी उभे.

"औंदा आखाड्याची माती माज्याकडून! माजा जावई खेळनार, तर माती बी तशीच पायजे. नंबर एकची!"

अहो, टाळ्या वाजवल्या लोकांनी! मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

मग काय, साहेबांची परवानगी काढली, म्हणाले देवाच्या कामाला माती पाहिजे. साहेबांना वाटलं देवळाचा ओटा असेल, म्हणाले न्या. बैलगाड्या लागल्या. देवळापुढं गुडघाभर खोल खड्डा काढला, तळापासनं ती टेकडीतली माती थर थर अंथरली आणि शिकवलंय ना साहेबांनी! थराथराला पाणी मारलं. टँकरच्या पाण्यातनं, जिथं बाया हंड्यावरनं एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या, तिथं! आणि थराथरावर दगडी रोलर. बैल दमले, दाजी दमले नाहीत. चैतातलं ऊन, तुम्हाला सांगतो, खाली ती माती, वर ते ऊन... संध्याकाळी मी त्यावरनं चालत गेलो तर चपलेचा आवाज आला. खट् खट्! म्हटलं, "दाजी, जरा कडक नाही का वाटत?" माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं! "टेलर, तू कापडातला. मातीतलं तुला काय कळतंय? साहेब म्हनलं, नंबर एक!"

जत्रेच्या सकाळी वस्ताद परत आला. हातातली पिशवी पण खाली ठेवली नाही, सरळ आखाड्यात उतरला, बसला आणि अंगठा दाबला. अंगठा आत जाईना. जोर लावला. अंगठा मागं वाकला!

"सूर्यभानराव, ह्यो आखाडा हाय का मोटारीची सडक?"

तेव्हा दाजींना पहिल्यांदा कळलं, काय करून बसलो ते. मला नंतर सांगितलं त्यांनी, तोंड फिरवून सांगितलं. तेव्हाच कबूल करायचं ना, की चुकलो बाबांनो, कुस्त्या नदीच्या वाळूत घेऊ! पण पाहुणे वेशीत आलेले, हलगी कडाडतेय, सगळा गाव बघतोय... शरमेला भिऊन माणूस किती मोठी शरम विकत घेतो बघा! कुदळी मागवल्या. कुदळीनं वरचा थर उकरला, ती निघाली ढेकळं. ढेकळं फोडली, त्यातनं निघाला खडा. धारदार, एकेक कसा नुकताच परजलेला! आता खडा झाकायचा कसा? दाजींनी वरनं गुलाल टाकला. टोपल्याच्या टोपल्या. वरनं बघाल तर मखमल!

मच्छिंद्र उतरला. काय तो देह! बायका पदराआडनं बघतायत, आमची चांगुणा तर कुठं बघावं ते न कळून माझ्या मशीनकडंच बघत होती. त्यानं मातीला हात लावला, कपाळाला लावला, रीतीप्रमाणं मूठभर उचलून छातीला चोळली... आणि थांबला. छातीवर एक लाल रेघ. गुलालाची म्हणावी तर खाली वाहायला लागली. दाजी माझ्या शेजारी. त्यांनी माझा दंड धरला, तो अजून काळानिळा आहे.

समोरचा गडी पण तेच करून बसला होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, मग मातीकडं बघितलं आणि तुम्हाला सांगतो, दोघंही खाली जायला तयार होईनात! हात हातात, डोकं डोक्याला, नुसते गोल गोल. पब्लिक ओरडायला लागलं, "आरं कुस्ती करताय का फुगडी घालताय?" पुंजाराम पाटील लाल झाले. सासुरवाडीपुढं पोरगं भितंय? ओरडले, "मच्छ्या! भीड की!"

भिडला बिचारा. त्या गड्यानं टांग लावली आणि हा पडला उताणा. पडला ते पडला, वर घसरला. कुस्ती हरला, ते राहू द्या हो, हारजीत चालायचीच. पण तो उठला आणि पंचांकडं वळला, म्हणजे पाठ आमच्याकडं झाली. पार सोलून निघालेली. हलगी थांबली. जिंकलेला गडी सुद्धा फेटा घ्यायला येईना, कोपर धरून खाली बसलेला. तेवढ्यात मागनं कुणीतरी शांतपणे म्हणालं, "माती नंबर एकची हाय राव!"

मी वळून बघतो तर दाजी नाहीत!

कुठं गेले? पळत सुटले ते थेट तलावावर, साहेबांपुढं. रडवेले. "साहेब, तुमी नंबर एक म्हनला हुता!" साहेब म्हणतात, "अरे बांधाला म्हणालो! माती काय नुसती चांगली असते का? कशाला चांगली ते नको विचारायला?" खरं आहे हो! आपण तरी विचारतो का? दाजी तिथंच रोलरच्या आडोशाला बसले. मला म्हणाले होते ते नंतर, "वाटलं धरनी पोटात घील तर बरं." आता धरणी दुभंगावी म्हणावं तर तिथली सगळी यांनीच पाणी मारून दाबून ठेवलेली! शिट्टी काढली आणि बांधाच्या मातीत पुरून टाकली, त्या दिवसापासनं वाजली नाही.

इकडं घरात काय चाललंय? साखरपुडा! नवरदेव घोंगडीवर पालथा, अक्का सुईनं पाठीतले खडे वेचतेय, वाटीत टाकतेय, टण्... टण्... आणि पुंजाराम पाटील बाजेवर, मिशीला हात. अक्काचं अर्धं लक्ष त्या मिशीकडं. आता हा माणूस उठणार आणि म्हणणार की मोडलं! तर म्हणाले, "इवाई कुठं हाईत? पोराची पाठ गेली, आता तोंड तरी दावा म्हनावं."

चांगुणाच गेली बांधावर. पोर ती, पण बापाला हाताला धरून आणलं. "बा, चला घरला. मी हाय न्हवं." दाजी आले आणि उंबऱ्याच्या बाहेरच बसले, मान खाली. मग घोंगडीवरनं आवाज आला, मच्छिंद्रचा, पालथ्या पालथ्या. "मामा, सुपारी फोडा बिगीबिगी. पालथं पडून पडून पोट दुखाया लागलंय!"

पुंजाराम पाटील जे हसले, जे हसले! सुपारी फुटली, नवरदेवाला टिळा लावायला बाया जमिनीवर आडव्या झाल्या, वैशाखात लग्न लागलं, पोर सुखात आहे. म्हणजे मिटलं ना? पण दाजींचं नाही मिटलं. मला म्हणाले, "टेलर, इवायानं मला शिव्या घातल्या आसत्या तर बरं झालं आसतं रं. ते हसलं. आता कुनाला तोंड दावू?" तुम्हाला सांगतो, माफ केलेल्या माणसाची शरम कुठं जातच नाही.

आणि देवाची करणी बघा! औंदा पाऊस चांगला झाला. आता तो आपला तलाव, नावातच पाझर. बांधातनं थेंब गळाला नाही, पण खालनं पाझरून दसऱ्याला तळ उघडा. तसंच व्हायला पाहिजे, विहिरींना पाणी आलं. आणि आखाडा? थराथरानं दाबलेला! पावसाचं पाणी जे बसलं ते बसलं, टिपूस हलायला तयार नाही. गावच्या म्हशी त्यात लोळतायत. दसऱ्याला मच्छिंद्र चांगुणाला न्यायला आला, बैल सोडले, आखाड्यावरच पाजले आणि मनापासनं म्हणाला हो, चेष्टा नव्हती, "मामा, पानी आटलंच न्हाई की! माती नंबर एक हाय बगा." दाजी उठून घरात गेले. ते बैल जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

वर सहादेव वस्तादानं परवा पारावर सांगून टाकलं, येत्या जत्रंच्या कुस्त्या तलावात! तळाला गाळ कसा लोण्यासारखा बसलाय, अंगठा मुळापर्यंत जातो. म्हणजे पाणी आखाड्यात आणि पैलवान तलावात. झाली की नाही गावाची शोभा?

बरं, हात वर करा, छाती घेतो... काल दाजी आले होते इथं. अंधारात नाही, भर दुपारी, पण उपरणं पार नाकापर्यंत ओढून. जावयाचा पहिला दिवाळसण, त्याच्या सदऱ्याला कापड आणलं होतं, भारीतलं. मी म्हटलं, दाजी, कापड लई होतंय, उरेल. ते आखाड्याकडं पाठ करून उभे. खाली बघत हळूच म्हणाले, "उरू दे. पाठीला दुहेरी लाव."

लावलं हो. काय करणार? माती नंबर एकची आहे ना!