एंडच्या मागे गोडा मसाला

नाही, पण मला एक सांगा, कार्ड म्हटलं की तुम्हा लोकांचा हात खिशाकडेच का जातो हो? परवा झिरकपूरला आमच्या सोसायटीत नुसतं बोलून गेलो, 'माझ्याकडे नऊशे कार्डं आहेत,' तर शेजारचे चड्ढासाहेब चार पावलं मागे सरकले! 'नौ सौ? हळबे साब, बैंकवाले छोड़ेंगे नहीं आपको!' आता यांना काय कपाळ सांगणार? अहो, पंच कार्ड! पिवळसर, जाड कागदाचं, आहेराच्या पाकिटाएवढं. त्याला मशीनवर बारीक चौकोनी भोकं पाडायची, एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ, म्हणजे नऊशे ओळींना नऊशे कार्डं, आणि ती सगळी एकामागे एक लावून कंप्युटरला भरवायची, लहान मुलाला भरवतात तशी, हळूहळू, न चिडता... आणि त्यातलं एक जरी मागेपुढे झालं ना, की तो तोंड फिरवून बसलाच! तुम्हाला सांगतो, क्रम चुकला की संपलं!

मी श्यामसुंदर हळबे. मूळचा सांगलीचा. सत्त्याहत्तर साली तीन वर्षांच्या बदलीवर चंदीगडला आलो, आता वय पंच्याहत्तर, ती तीन वर्षं अजून संपायचीत. सरकारी संशोधन संस्थेत होतो, कंप्युटरवर. आता कंप्युटरवर म्हणजे तुमच्यासारखा मांडीवर घेऊन नव्हे! आमचा कंप्युटर एका हॉलमध्ये राहायचा. त्याला एसी होता. डायरेक्टरना पंखा, कंप्युटरला एसी! मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत सगळ्या विभागांचे शास्त्रज्ञ 'जरा आउटपुट बघून येतो' म्हणत आमच्याकडे यायचे आणि तासभर डोळे मिटून आउटपुट बघायचे. आत शिरताना चपला बाहेर. मी देवळात एकवेळ विसरेन, पण त्या खोलीत...? छे!

आणि तो प्रिंटर! अहाहा... प्रिंटर कसला, गिरणी होती ती गिरणी! अख्खी ओळ एका फटक्यात छापायचा, धडाड धडाड धडाड, कागद असा फुटफुटभर उडतोय, दोन्ही कडांना भोकं, हिरवे पट्टे, घडीवर घडी पडतेय... आणि तुम्ही सकाळी गठ्ठा देऊन गेलेले असायचात, दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या आशेने यायचात, तर दोनशे पानं हातात! केवढा आनंद! आणि उघडून बघावं तर दोनशे पानांवर एकच गोष्ट दोनशे प्रकारांनी लिहिलेली, की महाशय, तुम्ही तिसऱ्या कार्डावर स्वल्पविराम विसरलात. आजकालचा कंप्युटर चुकलं की हळूच लाल रेघ काढतो. आमचा गावभर दवंडी पिटायचा!

आमचे सीनियर होते राजाभाऊ. देवमाणूस, पण चालताना पायांकडे लक्ष नाही. एकदा सहा महिन्यांचं काम, बाराशे कार्डांचा गठ्ठा छातीशी धरून जिना उतरत होते, आणि जिन्यात घसरले. राजाभाऊंना काही झालं नाही हो, पण कार्डं...! दोन मजल्यांवर बाराशे कार्डं! आम्ही सगळे धावलो, 'राजाभाऊ, लागलं का, लागलं का?' तर राजाभाऊ पायरीवर बसून एवढंच म्हणाले, 'मला सोडा रे... क्रम गेला.' माणूस रडला हो. अठरा दिवस लागले ती पुन्हा लावायला. त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियमच झाला. गठ्ठा तयार झाला की त्याच्या वरच्या कडेवर लाल शाईची एक तिरकी रेघ मारायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खुशाल पाडा! प्रत्येक कार्डाच्या कडेवर एक लाल ठिपका असतो, पहिल्याचा डावीकडे, शेवटच्याचा उजवीकडे. रेघ जुळली की क्रम जुळला. साधी गोष्ट, पण राजाभाऊ पडल्याशिवाय कोणाला सुचली नाही.

तर झालं काय, माझी नात यामिनी. ती मोहालीला नॉलेज सिटीत रिसर्च करते, मराठी समजतं सगळं, बोलते मात्र हिंदीत. तिचा फोन आला. 'आजोबा, हमारे यहाँ पुराने कंप्यूटरों की एग्ज़िबिशन है. अंशुमनसर पूछ रहे थे, किसी के पास पंच कार्ड का पूरा डेक है क्या? पूरा चाहिए. आपके पास था ना?' आता बघा, चाळीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. एकानेही नाही! माझा पहिला प्रोग्राम, पाच वर्षांच्या पावसाच्या नोंदी घेऊन पुढच्या वर्षीचा अंदाज सांगणारा, नऊशे कार्डं, नोकरीतली उमेदीची दोन वर्षं त्यात गेलेली... मशीन भंगारात काढलं तेव्हा मीच तो गठ्ठा खोक्यात घालून सायकलवरून घरी आणला होता. मी म्हटलं, 'आहे! पूरा आहे! एकही कार्ड इकडचं तिकडे नाही!' ती म्हणाली, 'पक्का?' मी म्हटलं, 'पक्का!' खोकं न उघडता. नडलं ते इथे.

शुक्रवारी खोकं माळ्यावरून काढलं. शनिवारी प्रदर्शन. झाकण उघडलं, तोच तो वास आला, जुन्या कागदाचा... माझा तर ऊरच भरून आला! आणि मग रेघेकडे बघतो तर काय? रेघ कुठाय? थोडी रेघ, मग उडी. परत थोडी, परत उडी. पाऊस पडून गेलेल्या रस्त्यासारखे खड्डेच खड्डे! मोजली. सातशे ऐंशी. एकशे वीस कार्डं गायब! मी ओरडलो, 'अगं कांचन! घरात चोरी झालीय!'

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणते, 'काय गेलं?'

'माझी कार्डं!'

'कुठली, ती भोकाभोकांची होय? गेली कुठे, इथेच तर आहेत.' आणि लाडवांचा तो मोठा स्टीलचा डबा असतो ना, तो माझ्यासमोर आणून ठेवला.

तुम्हाला सांगतो... डब्यात माझी कार्डं. उभी, ओळीने, शिस्तीत. आणि प्रत्येकाच्या पाठीवर हिच्या अक्षरात, पुरणपोळी. अळूची वडी. उकडीचे मोदक, पारीचं प्रमाण. चकली, भाजणीसकट! मी म्हटलं, 'कांचन, हे काय केलंस तू?' तर म्हणते, 'अहो, तुम्हीच नाही का म्हणालात, मशीन गेलं त्या दिवशी? तोंड एवढंसं करून बसला होतात. म्हणालात, आता या कार्डांना कोण विचारतंय, तुला हवी तर घे. मी घेतली. आणि उगाच नाही हं घेतली, बघून बघून, कमी भोकांची तेवढीच निवडून घेतली. लिहायला जागा नको?'

कमी भोकांची! अहो, कमी भोकांची म्हणजे कुठली, माहितीये? छोट्या ओळींची! जिथे प्रोग्राम थांबतो, जिथे परत फिरतो, जिथे भाग संपतो, ती! स्टॉप, रिटर्न, एंड... सगळी लाडवांच्या डब्यात! म्हणजे माझा प्रोग्राम चाळीस वर्षं खोक्यात पडलाय आणि त्याला थांबावं कुठे हेच माहीत नाही!

मी म्हटलं, 'दे ती सगळी. लावतो परत.' तर डब्यावर हात ठेवून उभी राहिली. 'देते की. पण माझाही क्रम आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत लावलीयेत. आधी कैरीची डाळ, शेवटी पुरणपोळी. तुम्ही तुमच्या क्रमाने लावणार, मग गौरी-गणपतीला मी काय नऊशे कार्डं उपसत बसू? तुम्हीच म्हणता ना, क्रम चुकला की संपलं?'

आता घ्या! माझंच वाक्य, माझ्याच अंगावर, माझ्याच घरात!

मग मी तिला लाल ठिपक्याची गोष्ट सांगितली, राजाभाऊ, जिना, सगळी. पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ती म्हणाली, 'अय्या, तो ठिपका त्याचा होय? मला वाटायचं सरकारी खूण असेल.' आणि सरळ निळं पेन आणलं, डब्यातली कार्डं काढली, नीट ठोकून सारखी केली आणि खालच्या कडेवर तिरकी रेघ मारली. एका झटक्यात! 'हं. वरची लाल तुमची, खालची निळी माझी. आता न्या.' राजाभाऊंना सुचायला जिना लागला होता हो... हिला काही लागलं नाही!

मग आम्ही बसलो लावायला. जुना प्रिंटआउट होता त्याच खोक्यात, हिरव्या पट्ट्यांचा, तो पसरला टीव्हीपासून बाल्कनीपर्यंत. ती वाचतेय, 'मोदकाची पारी!' मी उलटं करून बघतोय, 'रिटर्न, ओळ दोनशे चौदा!' 'शंकरपाळे!' 'स्टॉप!' असं करता करता खड्डे भरत गेले, रेघ पुढे पुढे सरकत गेली... आणि खरं सांगतो, ती लाल रेघ चाळीस वर्षांनी सलग झालेली बघितली ना, तेव्हा मला राजाभाऊ आठवले, तो हॉल आठवला, तो धडाड धडाड आवाज कानात आला, आणि मी चष्मा पुसायचं निमित्त केलं. हिनेही पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पण शेवटचं कार्ड नाही! आठशे नव्व्याण्णव. नऊशेवं नाही! अख्ख्या प्रोग्रामचा एंड! मी म्हटलं, 'कांचन?' तर ती म्हणाली, 'ते नाही मी देणार.' आणि देव्हाऱ्याच्या खणातून काढून लांबूनच दाखवलं. त्याच्यावर हिच्या आईचं अक्षर. सासूबाई एकदाच चंदीगडला आल्या होत्या, महिनाभर, तेव्हा त्यांनी स्वतः बसून गोडा मसाला लिहून दिला होता. पुढच्या वर्षी त्या गेल्या. मी म्हटलं, 'राहू दे गं. अपुरा नेतो. सांगेन, एक हरवलं.' तर ती म्हणाली, 'हरवलं कसं? आहे की. मी येते घेऊन. दाखवते आणि परत आणते.'

शनिवारी निघालो. झिरकपूरच्या जॅममध्ये पाऊण तास. मांडीवर खोकं दोन्ही हातांनी आवळून धरलेलं, हिच्या पर्समध्ये एंड. गेटवर सिक्युरिटीवाल्याने झाकण उघडून बघितलं, 'बाबाजी, एन्नी ताश?' म्हणजे एवढे पत्ते कशाला! म्हटलं, हो बाबा, मोठा डाव आहे!

अंशुमनसर मात्र सज्जन. काचेची पेटी तयार होती, झाकण उघडं ठेवून. गठ्ठा ठेवला, लाल रेघ वर, समोर पाटी, 'वर्षा-अनुमान प्रोग्राम, पूरा डेक'. मी भाषण पाठ केलं होतं. घसा खाकरला... आणि तेवढ्यात हिने पर्समधून एंड काढला. 'सर, ये ऐसे रखना. ये बाजू ऊपर. माँ का लिखा हुआ है.'

'मैडम, क्या लिखा है?'

झालं! ही वाचायला लागली. 'धनिया आधा किलो, तीळ, सूखा खोबरा, दगडफूल... अहो, दगडफूल को क्या बोलते हैं?' मी म्हटलं, 'पत्थर फूल.' दिवसभरातलं माझं पहिलं तांत्रिक योगदान! पोरं-पोरी जमली. मोबाइल निघाले. एंडला भोकं सहाच, पण कार्ड उलटं केलं की ती येतात नेमकी उजवीकडे, म्हणजे प्रमाण लिहायच्या जागी, आणि सासूबाईंनी चष्मा न लावता आकडे भोकांवरच लिहिलेले. एक मुलगा म्हणतो, 'आंटीजी, लौंग के आगे तो छेद है! कितने?' ही म्हणाली, 'बारा. वो मुझे मालूम है.' 'और काली मिर्च?' 'वो भी मालूम है.' अंशुमनसर तर टाळ्या वाजवायला लागले, 'देखो भई, डेटा गया, पर बैकअप सामने खड़ा है!' मग काय, गठ्ठ्यातली आणखी कार्डं उलटली गेली, अळूवडी, मोदक, चकली... यामिनी कौतुकाने सगळ्यांना सांगतेय, 'मेरी आजी! मेरी आजी!' पाऊस? पावसाचं कोणी नाव काढलं नाही. लाल रेघ? तिच्यावर कोणीतरी पाण्याची बाटली ठेवली होती, ती मी उचलली.

एक चुणचुणीत मुलगी तेवढी माझ्याकडे आली. वही-पेन घेऊन. मला बरं वाटलं. म्हटलं, आली बाबा कोणीतरी... कॉलर नीट केली. ती म्हणाली, 'अंकलजी, आप भी आंटीजी के साथ इस प्रोजेक्ट में थे? आप क्या करते थे?'

मी एकदा काचेकडे बघितलं. एकदा हिच्याकडे. चेहरा असा फुललेला, आईचं कार्ड दोन्ही हातांत धरलेलं...

म्हटलं, 'हां जी, बेटा. मैं कार्ड ला के देता था.'