टेबलाखालचा खवीस

मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष अरुणकाका, व्यासपीठावरच्या आमच्या शाळेच्या प्राचार्या हेमा मॅडम, आजच्या सत्कारमूर्ती सुलक्षणा दळवी बाई, त्यांचे यजमान बापूकाका, आणि शारजाच्या ट्रॅफिकला तोंड देऊन इथवर आलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. दुबईच्या पार त्या टोकाच्या डिस्कव्हरी गार्डन्सवरून आलेल्यांना दोनदा.

मी शर्वाणी. शाळेत बाईंकडे फ्रेंच शिकले, आणि आता आम्ही काही विद्यार्थी दर गुरुवारी अल मजाजला त्यांच्या घरी वाचनाला जमतो. अरुणकाकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. वर बजावलंय, ‘शर्वाणी, निरोपाचा कार्यक्रम आहे, भुताखेताचं काही काढू नकोस. नुसतं फ्रेंच साहित्यकृती म्हण.’ काका, प्रयत्न करते. पण त्या साहित्यकृतीत भूतच आहे, त्याला मी काय करू?

तर साहित्यकृती. बाईंनी एक जुनी फ्रेंच कादंबरी मराठीत आणली आहे. जुनी म्हणजे राजे, विग, मेणबत्त्या, त्या काळातली. त्यात एक चिमुकला डीमन आहे. तो कुणाला खात नाही, झपाटत नाही. मेजवानी असली की टेबलाखाली जाऊन बसतो आणि पडलेला पाव खातो. एवढंच. पण तो खाली असला की वर बसलेल्यांच्या तोंडून खरं निघतं. सरदारीणबाईंना म्हणायचं असतं, ‘वा, काय सुरेख सूप!’ आणि त्या म्हणतात, ‘मीठ विसरलात. मला बोलवायलाही विसरला असतात तर बरं झालं असतं.’ बिशप बोलतो, कवी बोलतो, शेवटी राजासुद्धा बोलतो. सगळं शहर हैराण! आता जरा आपापल्या टेबलाकडे बघा. टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत आलेत. सांगून ठेवते.

पण मराठीत त्याला म्हणायचं काय? बाई इथेच अडकल्या. पुस्तक पुढे जाईना. राक्षस म्हणावं तर तो माणसं खातो. भूत व्हायला आधी मरावं लागतं. आमच्यातला वेदांग म्हणाला, ‘मॅम, वेताळ इज सो कूल.’ बाई वेंगुर्ल्याच्या. त्या केवढ्या भडकल्या! ‘अरे, वेताळ म्हणजे आमचा वेतोबा, आमचा देव! त्याला चपला वाहतो आम्ही. त्याला फ्रेंच माणसाच्या टेबलाखाली बसवू? गावात तोंड कुठे दाखवू मी?’

मग एके दिवशी स्टाफरूममध्ये वह्या तपासताना बाई स्वतःशीच पुटपुटल्या, ‘खवीस म्हणू का याला? खवीस?’

शेजारच्या टेबलावर आपले यहया सर. इजिप्तचे, अरबी शिकवतात. आज ते पहिल्या रांगेत आहेत. सर, हात वर करा. यल्ला, लाजू नका! तर सर दचकून म्हणाले, ‘मॅडम? व्हॉट डिड आय डू?’

कारण त्यांची आई त्यांना हेच म्हणायची. खबीस. मिठाई चोरून खाल्ली, खबीस. खोटं बोलताना हसू आलं, खबीस. लबाड, बेरकी, पण आपला. बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. त्या रात्रीबेरात्री भिववणाऱ्या वेंगुर्ल्याच्या खवीसाचं मूळ नाव शेजारच्या टेबलावर चहा पीत बसलं होतं! कधीतरी कुठल्या तरी गलबतातून हा शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरला, त्याच्या ‘ब’चा ‘व’ झाला, आणि आपण त्याला पिंपळावर नेऊन बसवलं. बाईंनी त्याला परत खाली उतरवलं. टेबलाखाली. पुस्तक सुटलं.

आता आमच्या मिहिकाबद्दल बोलायलाच हवं. इथेच जन्मलेली, मराठी अक्षर न् अक्षर लावून वाचते. पहिल्याच पानावर तिनं हात वर केला. ‘मॅम, व्हाय इज थर्सडे अंडर द टेबल?’

खवीस तिनं खमीस वाचलं होतं. अरबीत खमीस म्हणजे गुरुवार. हसून हसून बापूकाकांच्या हातातला चहा सांडला. तेव्हापासून आम्ही शनिवारचं वाचन गुरुवारी आणलं, आणि आमच्या ग्रुपचं नाव झालं खमीस मंडळ. मला सांगा, ही चूक पुण्यात होईल? नागपुरात होईल? ही चूक करायला शारजात वाढावं लागतं.

आणि आता, काका, मी भुतापेक्षा वाईट गोष्टीकडे वळते. प्रकाशकाकडे.

पुण्यातल्या एका प्रकाशकांनी पुस्तक घेतलंय. भले गृहस्थ आहेत. पण परवा त्यांचा फोन आला. ‘मॅडम, खवीस म्हटलं की लोकांना कोकणातली भयकथा वाटते. सैतान करा. फ्रेंच माणसाचा सैतानच असतो. तेवढं बदलून परवा संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर यंदा जमणार नाही.’ ती संध्याकाळ म्हणजे आत्ता.

काल गाडीत बाई मला म्हणाल्या, ‘होऊ दे सैतान. पुस्तक तर येईल. भांडायचा कंटाळा आला गं.’

मी म्हटलं, ‘बाई, सैतान टेबलाखाली मावत नाही.’

‘समोर बघून गाडी चालव,’ म्हणाल्या.

बाई, उद्या तुमची कायमचं गावी परतायची फ्लाइट. सगळे तुम्हाला म्हणतायत, चला, सुटलात, आता आराम. तुम्हीही म्हणताय, हो ना, सुटले. तुम्ही इथे काय कमावलंत ते आत्ताच सगळ्यांनी सांगितलं. मला एकच दिसतंय. वेंगुर्ला आणि शारजा तुम्ही एका शब्दात बसवलेत. तो इथे ठेवून जाऊ नका. सगळ्यांसमोर बोलतेय हे मला कळतंय. गाडीत तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून इथे.

काय, बाई? पाणी हवंय? नाही? फोन? बापूकाका, त्यांचा फोन तुमच्या खिशात आहे. द्या ना.

अध्यक्ष महोदय, सत्कारमूर्ती सत्कार सोडून बाहेर चालल्या आहेत. असं आपल्या मंडळात कधी झालेलं नाही, हे मला तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. जरा धीर धरा, तोवर मी बोलत राहते. हेमा मॅडम, तुम्ही हॉल मिळवून दिलात, आभार. केटरिंगवाल्यांचे आभार, आळूवडीचा वास मघापासून इथपर्यंत... श्श. त्या दाराला फट आहे. ऐका.

‘...अहो, फ्रेंच माणसाचा असेल सैतान. माझा खवीस आहे.’

‘...नाही, खाली ‘सैतान’ अशी तळटीपसुद्धा नको.’

‘...बरं. मग नका छापू.’

खलास.

टाळ्या कसल्या वाजवताय? पुस्तक गेलं ना बाईंचं! असू दे, वाजवा. यहया सर विचारतायत, काय झालं. सर, शी सेड नो. टू अ पब्लिशर. हो हो, तुम्हीही वाजवा.

या, बाई. बसा. शाल नीट घ्या. प्रिंटआउट आमच्याकडे आहे. या गुरुवारी मिहिका वाचेल, पुढच्या गुरुवारी वेदांग, आणि दुसरा कुणी छापणारा भेटेपर्यंत आम्ही ऐकत राहू. खवीसालाच.

पाच मिनिटांची किती झाली, ते अरुणकाकांना विचारू नका. इतका वेळ भुकेल्या पोटी ऐकलंत, मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर अध्यक्षांनी आणि तुम्ही सगळ्यांनी पोटात घालावं. बाईंनी मात्र माफ करू नये. त्यांनी चूक काढावी, वेंगुर्ल्याहून फोन करावा आणि मला ओरडावं.